स्मार्ट इमारती आणि शहरांतील ऊर्जा-व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारत ‘स्मार्ट’ आहे असे नेमके केव्हा म्हणावे?

इमारतीला स्वतःची स्थिती मोजता येत असेल, त्या मोजमापानुसार आपली यंत्रे कमी-जास्त चालवता येत असतील आणि केलेल्या बदलाचा परिणाम काय झाला हे पुन्हा मोजून पाहता येत असेल, तर तिला स्मार्ट म्हणायला हरकत नाही. यांपैकी तिसरी अट बहुतेक ठिकाणी मागे पडते. प्रवेशद्वाराशी मोठा पडदा लावलेला असतो, त्यावर रंगीत आलेख हलत असतात. मात्र ते आलेख पाहून वर्षभरात एकाही पंख्याचे वेळापत्रक कोणी बदललेले नसते. अशा इमारतीत मोजमाप आहे, व्यवस्थापन नाही.

मूळ कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल याने अंडी उबवण्याच्या भट्टीचे तापमान आपोआप राखणारी रचना तयार केली होती. वॉरन जॉन्सन या शिक्षकाने १८८३ मध्ये खोलीत बसवायच्या विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले; त्याच्या शाळेत देखभाल करणाऱ्या माणसाला वर्गावर्गांत येऊन तापमान पाहावे लागे आणि मग तळघरात जाऊन उष्णतेची झडप फिरवावी लागे. आज सेन्सर स्वस्त झाले, संगणक वेगवान झाले, पण मोजणे, तुलना करणे आणि झडप फिरवणे हे काम तेच आहे.

ऊर्जेच्या चर्चेत इमारतींना एवढे महत्त्व का दिले जाते?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगातील एकूण अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती वापरण्यात जाते आणि ऊर्जेशी संबंधित कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे २६ टक्के वाटा त्यांचा असतो. यात इमारत बांधताना लागलेले सिमेंट व पोलाद धरलेले नाही. शिवाय इमारतीचे आयुष्य मोटारीसारखे दहा-पंधरा वर्षांचे नसते. २०५० मध्ये वापरात असणाऱ्या इमारतींपैकी मोठा हिस्सा आजच उभा आहे, त्यामुळे नव्या इमारती कितीही चांगल्या बांधल्या तरी जुन्या इमारती कशा चालवल्या जातात हा प्रश्न टळत नाही.

इमारत व्यवस्थापन प्रणालीत काय काय असते?

सर्वांत खाली सेन्सर असतात. ते तापमान, आर्द्रता, दाब, पाण्याचा प्रवाह, प्रकाश, माणसांची उपस्थिती आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्यांच्या शेजारी पाणी अडवणारे व्हॉल्व्ह आणि हवा अडवणारे डॅम्पर हलवणाऱ्या मोटरी, पंप व पंखे चालू-बंद करणारे रिले आणि मोटरीचा वेग बदलणारे ड्राइव्ह असतात. मधल्या पायरीवर कंट्रोलर असतो. तो मोजलेला आकडा आणि ठरवलेला आकडा, म्हणजे सेटपॉइंट, यांतील फरक पाहून व्हॉल्व्ह किती उघडायचा हे दर काही सेकंदांनी ठरवतो. सर्वांत वर वेळापत्रके, नोंदी, इशारे आणि अहवाल सांभाळणारा संगणक असतो.

या रचनेत एक गोष्ट आम्ही आग्रहाने तपासायला सांगतो : वरचा संगणक किंवा इंटरनेट बंद पडले तरी खालचा कंट्रोलर आपले काम स्वतंत्रपणे करत राहिला पाहिजे. दूरच्या सर्व्हरकडून उत्तर आल्याशिवाय ज्या इमारतीत दिवा लागत नाही, तिची रचनाच चुकलेली आहे.

प्रत्यक्षात बचत कोठून होते?

सर्वांत आधी, ज्या वेळी इमारतीत कोणी नसते त्या वेळेतून. एक साधे उदाहरण घेऊ. एखादे कार्यालय आठवड्यातून ६० तास वापरात असते आणि त्या वेळी त्याचा भार २०० किलोवॅट असतो, असे समजा. उरलेल्या १०८ तासांत तो भार ८० किलोवॅटपर्यंतच उतरत असेल, तर कामाच्या वेळेत १२,००० युनिट आणि रिकाम्या वेळेत ८,६४० युनिट वीज लागते. म्हणजे आठवड्याच्या एकूण विजेपैकी सुमारे ४२ टक्के वीज कोणीही नसताना खर्च झाली. रात्रीच्या या किमान भाराला बेस लोड म्हणतात, आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींचा आलेख प्रथमच डोळ्यांसमोर येतो तेव्हा इमारतीच्या चालकांना धक्का बसतो तो बहुधा याच आकड्याचा. सर्व्हर, शीतपेट्या, सुरक्षेचे दिवे यांचा काही भार अटळ असतो. पण शनिवारी रात्री चालणारे स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट पंखे, कोणीतरी कधीतरी ‘मॅन्युअल’वर टाकलेला पंप आणि सुट्ट्यांची नोंदच नसलेले वातानुकूलनाचे वेळापत्रक मुळीच अटळ नसतात.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे पंखे आणि पंप यांचा वेग. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते, आणि वेग निम्मा केला तर ती सैद्धांतिकदृष्ट्या १२.५ टक्केच राहते. म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरवून पुढे डॅम्पर अर्धवट मिटून हवा अडवणे हा फार महाग मार्ग आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी : हवा वाहून नेणाऱ्या डक्टमधील दाब कायम एका उंच सेटपॉइंटवर राखला असेल, तर ड्राइव्ह बसवूनही घनाच्या नियमाचा पूर्ण लाभ मिळत नाही. गरज कमी असताना तो दाबसुद्धा खाली आणावा लागतो, आणि अनेक ठिकाणी एवढेच करायचे राहून गेलेले असते.

तिसरा स्रोत लपलेला असतो. एकाच हवेला आधी थंड आणि मग गरम केले जाते, किंवा शेजारच्या दोन खोल्यांपैकी एकीतले यंत्र तापवते आणि दुसरीतले गार करते. खोलीत कोणाला त्रास होत नाही, तापमान अगदी बरोबर असते, त्यामुळे तक्रार येत नाही आणि दोन्ही यंत्रे वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध झगडत राहतात. गरम करणे कोठे थांबावे आणि थंड करणे कोठे सुरू व्हावे, या दोन तापमानांमध्ये दोन-तीन अंशांचे अंतर ठेवले की हा झगडा पुष्कळसा मिटतो. गळका व्हॉल्व्ह हे त्याचे दुसरे नेहमीचे कारण. पडद्यावर तो ० टक्के उघडा दिसतो, पण आतून गरम पाणी वाहतच असते. यासाठी त्या गरम पाण्याच्या नळ्यांवरून जाण्याआधीचे आणि नंतरचे हवेचे तापमान शेजारी शेजारी मांडून पाहावे. व्हॉल्व्ह बंद असताना दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत.

त्यानंतर बाहेरची हवा पुरेशी गार असताना चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र, बंद ठेवून तीच हवा आत घेणे, उन्हाच्या बाजूचे पडदे वेळेवर पाडणे, खिडकीलगतचे दिवे मंद करणे अशा गोष्टी येतात. त्या उपयुक्त आहेतच, पण वरच्या तीन दुरुस्त होण्याआधी त्यांच्यावर पैसा घालवणे आम्हांला पटत नाही.

म्हणजे किती टक्के बचत धरावी?

जो विक्रेता इमारत न पाहता टक्केवारी सांगतो, त्याच्या टक्केवारीवर विसंबू नये. तरीही अंदाजासाठी एक चांगला आधार उपलब्ध आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये ६४३ इमारतींच्या कमिशनिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमिशनिंग म्हणजे बसवलेली यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालते की नाही हे पद्धतशीर तपासून ती दुरुस्त करणे. आधीपासून वापरात असलेल्या इमारतींमध्ये या कामामुळे एकूण ऊर्जेत झालेली बचत मध्यक पाहता १६ टक्के होती आणि खर्च साधारण १.१ वर्षांत भरून निघाला होता. नवी मोठी यंत्रे घेतल्यामुळे आलेली ही बचत नव्हती. असलेली यंत्रे नीट चालवल्यामुळे ती प्रामुख्याने आली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

आधी स्मार्ट यंत्रणा बसवावी की आधी खिडक्या, भिंती आणि छत सुधारावे?

शक्य असेल तेथे आधी गरज कमी करावी, मग ती गरज भागवणारी यंत्रे निवडावीत आणि त्यानंतर त्यांचे नियंत्रण बसवावे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे काम या क्रमाचे उत्तम उदाहरण आहे. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या ऊर्जा-सुधारणेची योजना २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्या ६,५१४ खिडक्या फेकून न देता इमारतीतच उभारलेल्या एका कार्यशाळेत उघडल्या गेल्या, काचांच्या मध्ये विशेष फिल्म बसवली गेली आणि त्या पुन्हा जागेवर लावल्या गेल्या. रेडिएटरमागे उष्णता परावर्तित करणारे आवरण घातले गेले. उष्णतेची ये-जा आणि दिव्यांचा भार घटल्यामुळे थंडाव्याची गरजच उतरली, आणि मोठे चिलर नव्याने घेण्याऐवजी असलेल्या चिलरचे नूतनीकरण पुरेसे ठरले. नियंत्रण प्रणाली आणि भाडेकरूंसाठी स्वतंत्र मोजमाप यांचाही त्या योजनेत समावेश होता. एकत्रित उद्दिष्ट ३८ टक्के ऊर्जाबचतीचे होते.

तरीही हा क्रम आंधळेपणाने पाळू नये. इमारतीच्या बाह्यांगाला हात लावणे पुढील काही वर्षे शक्य नसेल, तर मोजमाप आणि वेळापत्रके यांची दुरुस्ती तोवर थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

मोजमाप किती बारकाईने करावे? प्रत्येक सर्किटला मीटर हवा का?

नको. मुख्य मीटरने दर १५ मिनिटांना एक नोंद केली, तरी दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० आकडे जमतात, आणि नीट वाचले तर इमारतीच्या सवयी त्यांतून बऱ्याचशा उघड होतात. त्यापुढे चिलर, हवा पुरवणारी मोठी यंत्रे, दिवे, लिफ्ट, सर्व्हर खोली आणि वाहन-चार्जिंग यांना स्वतंत्र सबमीटर असावेत. ज्या मीटरच्या आकड्यावरून कोणताही निर्णय होणार नाही, तो मीटर घेऊ नये. वीज मोजताना पाणी आणि थंड पाण्यातून वाहणारी उष्णता विसरली जाते, हेही येथे सांगितले पाहिजे. चिलरला किती वीज लागली एवढेच कळून भागत नाही. तेवढ्या विजेत त्याने किती थंडावा दिला हे कळले तरच तो चांगला चालतो की नाही हे ठरवता येते.

कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरचा ऊर्जेशी काय संबंध?

बाहेरून घेतलेली ताजी हवा गरम, गार किंवा कोरडी करायला ऊर्जा लागते. २०० जणांच्या सभागृहात २० माणसे बसलेली असताना २०० जणांपुरती हवा घेणे म्हणजे उधळपट्टी आहे, आणि २०० माणसे असताना २० जणांपुरती हवा देणे आरोग्याला घातक आहे. माणसे उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे त्याचे प्रमाण वायुवीजन पुरेसे आहे की नाही याचा चांगला निर्देशक ठरते. बाहेरच्या हवेत ते सध्या दशलक्ष भागांत ४२० भागांच्या वर आहे. आतमध्ये ते ८०० ते १,००० च्या आसपास राखण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते.

या सेन्सरचा एक दोष खरेदी करणाऱ्यांना क्वचितच सांगितला जातो. अनेक सेन्सर स्वतःचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, आपोआप करतात, आणि त्यासाठी ते असे गृहीत धरतात की काही दिवसांतून एकदा तरी खोली पूर्ण रिकामी होऊन आतली हवा बाहेरच्यासारखी झाली असेल. शाळेत किंवा कार्यालयात हे गृहीतक चालते. रुग्णालयाच्या कक्षात, नियंत्रण कक्षात किंवा जेथे माणसे रात्रंदिवस असतात अशा कोणत्याही जागी ते खोटे ठरते, आणि सेन्सर हळूहळू प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. परिणामी, जेथे ताज्या हवेची सर्वाधिक गरज आहे तेथेच ती कमी मिळते. अशा जागांसाठी आपोआप कॅलिब्रेशन बंद करता येणारा किंवा दोन तरंगलांबींवर मोजणारा सेन्सर मागावा आणि त्याची ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासणी करावी.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडता येतात का?

येतात, पण हे करारातच लिहून घ्यावे लागते. मॉडबस हा साधा संवाद-नियम १९७९ पासून वापरात आहे आणि मीटर, ड्राइव्ह, चिलर यांत तो आजही सर्रास आढळतो. इमारतींसाठी खास तयार झालेला बॅकनेट हा नियम १९९५ मध्ये अमेरिकेतील अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने मानक म्हणून प्रसिद्ध केला आणि २००३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. दिव्यांसाठी डाली आणि युरोपात उगम पावलेला केएनएक्स हेही रुळलेले आहेत.

तथापि, दोन यंत्रे एकच भाषा बोलतात एवढ्याने त्यांना एकमेकांचे म्हणणे कळते असे नाही. एका ठेकेदाराने खोलीच्या तापमानाला ‘आरएमटी-०३’ असे नाव दिलेले असते, दुसऱ्याने ‘टेम्प-३-झोन’ असे, आणि तिसऱ्याने तिसरेच. मोजमापाच्या आणि आदेशांच्या हजारो बिंदूंची अशी नावे नंतर जुळवत बसणे हे स्मार्ट इमारतीच्या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत खर्चिक काम ठरते. म्हणून नावे देण्याची एकच पद्धत कामाच्या पहिल्या दिवशी ठरवावी. त्याबरोबर सर्व कंट्रोलरचे प्रोग्राम, पासवर्ड आणि जमलेल्या नोंदी इमारतीच्या मालकीच्या राहतील, तसेच नोंदी खुल्या स्वरूपात केव्हाही बाहेर काढता येतील, अशी अट करारात घालावी. ही अट नसली की पाच वर्षांनी एक सेटपॉइंट बदलण्यासाठीही मूळ पुरवठादाराची वाट पाहावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खरोखर फरक पडतो का?

योग्य जागी पडतो. गूगलने २०१६ मध्ये आपल्या डेटा सेंटरच्या थंडाव्यासाठी आपल्याच डीपमाइंड या कंपनीची यंत्र-शिक्षण पद्धत वापरून थंडाव्यावरील ऊर्जा ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे जाहीर केले होते. पण तेथे हजारो सेन्सर आधीपासून अचूक चालत होते, अनेक वर्षांच्या नोंदी जमा होत्या आणि भार अहोरात्र जवळपास सारखा होता. सर्वसाधारण इमारतीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. सेन्सर तीन अंश चुकीचे दाखवत असेल, तर त्यावर शिकलेली प्रणाली ती चूक अधिक आत्मविश्वासाने करील.

आमच्या मते इमारतींसाठी या तंत्राचा आज सर्वांत भरवशाचा उपयोग दोष शोधण्यात आहे. कोणत्या डॅम्परने महिनाभर हालचाल केलेली नाही, कोणता व्हॉल्व्ह बंद असूनही गळतो, कोणता चिलर आपल्या मागच्या वर्षीच्या कामगिरीपेक्षा मागे पडला आहे, हे हजारो नोंदींतून वेचणे माणसाला शक्य नसते आणि संगणकाला सहज जमते. त्यातही पुष्कळसे काम साध्या नियमांनी होते. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या प्रारूपाची गरज पडत नाही.

‘कमाल मागणी’ म्हणजे काय आणि ती आटोक्यात कशी ठेवतात?

वीज किती वापरली याइतकेच ती एका वेळी किती मागितली हेही महत्त्वाचे असते, कारण वितरण कंपनीला तारा, रोहित्रे आणि वीजनिर्मितीची क्षमता त्या सर्वोच्च क्षणासाठी तयार ठेवावी लागते. म्हणून मोठ्या ग्राहकांच्या बिलात १५ किंवा ३० मिनिटांच्या सर्वाधिक सरासरी मागणीवर स्वतंत्र आकार लावण्याची पद्धत आहे. सकाळी सगळे चिलर आणि पंप एकाच मिनिटाला सुरू केले, तर संपूर्ण महिन्याचा हा आकार त्या एका सकाळीच ठरू शकतो. यंत्रे टप्प्याटप्प्याने सुरू करणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

वाहन-चार्जिंगचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रत्येकी ७ किलोवॅटचे २० चार्जर एकदम चालू झाले तर १४० किलोवॅटचा भार पडतो. पण त्या २० वाहनांना रात्रभरात प्रत्येकी १० युनिट एवढीच वीज हवी असेल, तर एकूण २०० युनिट आठ तासांत वाटून देता येतात आणि सरासरी भार २५ किलोवॅटवर राहतो. सकाळी सगळी वाहने तितकीच भरलेली मिळतात आणि नवे रोहित्र घ्यावे लागत नाही. चार्जिंगचे असे नियमन नसलेल्या वसाहतीत जोडभार वाढवण्याची घाई करू नये.

सौर आणि पवन ऊर्जा वाढल्यावर इमारतींची भूमिका बदलते का?

मोठ्या प्रमाणात बदलते. कॅलिफोर्नियाच्या वीजजाळ्याच्या संचालकांनी २०१३ मध्ये एक आलेख मांडला, जो बदकासारख्या आकारामुळे ‘डक कर्व्ह’ म्हणून ओळखला जातो. दुपारी सौर वीज भरपूर असते, त्यामुळे इतर केंद्रांवरील मागणी खोल उतरते. सूर्य मावळू लागला की घराघरांतली मागणी वाढते आणि सौर वीज नाहीशी होते, त्यामुळे अगदी थोड्या तासांत प्रचंड चढ चढावा लागतो. अशा वेळी दुपारच्या स्वस्त विजेवर इमारत एक-दोन अंश अधिक गार करून ठेवता येते. काँक्रीटच्या जाड भिंती आणि स्लॅब तो गारवा काही तास धरून ठेवतात आणि संध्याकाळी चिलर मंद करता येतो. बर्फ किंवा थंड पाण्याच्या टाक्या, गरम पाण्याचे हीटर, बॅटऱ्या हीसुद्धा याच कामाची साधने आहेत. ग्रिडच्या सूचनेनुसार असा वापर मागे-पुढे करण्याला मागणी-प्रतिसाद म्हणतात. यात एकूण युनिट नेहमीच कमी होतील असे नाही, कधी थोडे वाढतीलही. लाभ होतो तो वेळ निवडण्याचा.

एका इमारतीपुरते न थांबता संपूर्ण शहराला काय करता येईल?

थंडावा आणि उष्णता सामायिक करता येते. कोपनहेगनमधील बहुतेक सर्व इमारती जमिनीखालच्या नळांतून येणाऱ्या सामायिक उष्णतेवर तापवल्या जातात. टोरांटोमध्ये २००४ पासून ओंटारिओ सरोवरातून ८३ मीटर खोलीवरचे सुमारे ४ अंश सेल्सिअसचे पाणी घेतले जाते. त्याचा गारवा उष्णता-विनिमयकातून मध्यवर्ती भागातील इमारतींच्या बंद नळांत दिला जातो आणि तेच सरोवराचे पाणी पुढे शहराच्या पाणीपुरवठ्यात जाते. एकाच पाण्याचा असा दुहेरी उपयोग करण्याची दृष्टी आम्हांला फार मोलाची वाटते. सिंगापूरच्या मरिना बे परिसरातही जमिनीखालील मध्यवर्ती केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवले जाते. अशा केंद्रांचा एक फायदा सहज लक्षात येत नाही : कार्यालयांचा भार दुपारी आणि घरांचा रात्री चढतो, त्यामुळे सर्वांची मिळून लागणारी क्षमता प्रत्येकाच्या स्वतंत्र क्षमतांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी असते.

पथदिवे हे शहरांसाठी सोपे पहिले पाऊल आहे. एलईडी दिव्यांबरोबर प्रत्येक खांबाची स्थिती कळवणारा नियंत्रक बसवला, तर रात्री उशिरा प्रकाश मंद करता येतो आणि बंद पडलेला दिवा तक्रारीची वाट न पाहता सापडतो.

स्मार्ट मीटरमुळे घरातील खाजगी गोष्टी उघड होतात का?

होऊ शकतात, आणि ही भीती अवास्तव समजून उडवून लावणे चूक आहे. फ्रिज, हीटर, धुलाई यंत्र यांपैकी प्रत्येकाच्या वीजवापराला स्वतःची ठेवण असते. केवळ मुख्य मीटरवरील चढउतारांवरून आत कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखण्याची पद्धत जॉर्ज हार्ट यांनी १९९२ च्या आपल्या शोधनिबंधात मांडली होती, आणि तिचा पाळतीसाठी दुरुपयोग होऊ शकतो हा इशाराही त्यांनी त्याच काळात दिला होता. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचा करणारा प्रस्ताव मुख्यतः याच कारणासाठी रोखला, आणि पुढे ग्राहकांना नकाराचा अधिकार देऊन योजना बदलण्यात आली. बिलासाठी दिवसाचा किंवा महिन्याचा आकडा पुरत असेल, तर मिनिटामिनिटाचा आकडा घराबाहेर जाऊ नये. नोंदी किती काळ ठेवणार आणि कोणाला देणार हे लेखी विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाने वापरावा.

इमारतीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला होण्याची शक्यता किती?

असे हल्ले झालेले आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोर आत शिरले ते वातानुकूलन व शीतकरणाचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराला दिलेल्या प्रवेश-परवान्यातून. २०१६ मध्ये फिनलंडमधील लाप्पेनरांता येथे दोन निवासी इमारतींचे उष्णता-नियंत्रक इंटरनेटवरून झालेल्या संदेशांच्या माऱ्यामुळे सतत नव्याने सुरू होत राहिले आणि थंडीच्या दिवसांत रहिवाशांची उष्णता खंडित झाली.

इमारतीचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे, कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, ठेकेदाराला दूरून मिळणारा प्रवेश काम संपताच बंद करणे आणि कोणताही कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवणे, एवढे केले तरी बहुतेक सोपे मार्ग बंद होतात. आणखी एक तयारी हवी : जाळे पूर्ण तोडून यंत्रे हाताने चालवण्याचा सराव कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी करावा.

सर्व काही स्वयंचलित करूनही लोक गारठ्याची किंवा उकाड्याची तक्रार का करतात?

कारण सर्वांना एकच तापमान सुखद वाटत नाही. डेन्मार्कचे ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास उभारलेल्या आणि आजही मानकांत वापरल्या जाणाऱ्या गणितानुसार, अगदी आदर्श स्थितीतही सुमारे ५ टक्के माणसे असमाधानी राहतात. त्यातच हवेचा झोत, खिडकीतून येणारे ऊन, कपडे आणि कामाचे स्वरूप यांचा परिणाम होतो. यांपैकी काहीही भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला दिसत नाही. माणसांना थोडे तरी नियंत्रण द्यावे, दोन अंश वर-खाली करण्याची मुभा किंवा टेबलावरचा छोटा पंखासुद्धा पुरतो. ज्यांच्या हातात काहीच नसते, ती माणसे सेन्सरवर ओला कपडा टाकतात किंवा हवेची जाळी पुठ्ठ्याने झाकतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

लहान इमारतींना हे परवडते का?

संपूर्ण इमारत व्यवस्थापन प्रणाली बहुधा परवडत नाही आणि तिची गरजही नसते. वेळापत्रक सांभाळणारा थर्मोस्टॅट, जिन्यात उपस्थिती ओळखणारे दिवे, पाण्याच्या पंपासाठी पातळी-नियंत्रक आणि वीज कंपनीच्या मीटरमधील नोंदी दर महिन्याला पाहण्याची सवय यांनी लहान इमारतीचे पुष्कळ काम भागते.

बचत झाली हे सिद्ध कसे करायचे?

मागच्या वर्षीचे बिल वजा या वर्षीचे बिल, हे गणित फसवे आहे. या वर्षीचा उन्हाळा सौम्य असेल किंवा दोन मजले रिकामे असतील, तर काही न करताही बिल कमी येते. म्हणून आधी किमान वर्षभराच्या नोंदींवरून इमारतीचा वापर हवामानाशी कसा बदलतो याचे सूत्र बसवतात. त्यासाठी ‘डिग्री-डे’ हे माप वापरतात, म्हणजे बाहेरचे तापमान एका आधारभूत तापमानापासून किती अंश आणि किती दिवस दूर राहिले याची बेरीज. मग या वर्षीच्या हवामानात जुनी इमारत किती ऊर्जा घेती हे काढून प्रत्यक्ष वापर त्यातून वजा करतात. ही पद्धत कोणती असेल हे काम सुरू होण्यापूर्वीच दोन्ही पक्षांनी मान्य करून ठेवावे.

येथे एका जुन्या इशाऱ्याची आठवण ठेवणे योग्य होईल. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तरी कोळशाचा एकूण खप वाढत गेला. दिवे स्वस्तात जळतात म्हणून जास्त लावले, किंवा वातानुकूलन कार्यक्षम आहे म्हणून रिकाम्या मार्गिकाही गार केल्या, तर कार्यक्षमतेचा काही भाग असाच विरून जातो. म्हणून चौरस मीटरमागे वापराबरोबर इमारतीचा एकूण वापरही अहवालात असावा.

सुरुवातीला मिळालेली बचत दोन-तीन वर्षांत ओसरते, ते का?

एखाद्या दिवशी मोठी बैठक असते, म्हणून चालक पंखा ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि परत ‘ऑटो’वर आणायचे राहून जाते. सेन्सर भरकटतो, भिंत हलवली जाते आणि थर्मोस्टॅट दुसऱ्याच खोलीत उरतो, प्रशिक्षित चालक नोकरी बदलतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट छोटी असते, पण त्या साचत जातात. इशाऱ्यांची संख्या इतकी वाढते की दिवसाला शेकडो इशारे आले तरी कोणी पाहत नाही.

यासाठी प्रत्येक ‘मॅन्युअल’ आदेशाला ठरावीक तासांनी आपोआप संपण्याची मुदत द्यावी. जे इशारे कोणी पाहत नाही ते काढून टाकावेत आणि उरलेल्या प्रत्येक इशाऱ्यापुढे जबाबदार माणसाचे पद लिहावे. आठवड्यातून एक तास एका माणसाने बेस लोडचा आलेख, ‘मॅन्युअल’वर असलेल्या यंत्रांची यादी आणि सर्वाधिक तक्रारी आलेल्या पाच जागा पाहाव्यात, हा तास त्याच्या कामाच्या वर्णनात नोंदलेला असावा, उरलेल्या वेळेत करायचे काम म्हणून सोडलेला नसावा. आणि तो माणूस इमारत सोडून जाईल त्या दिवशी त्याच्या जागी येणाऱ्याला पासवर्ड, प्रत्येक यंत्रणा कशी चालावी याचे साध्या भाषेतील वर्णन, सेन्सर शेवटचे केव्हा तपासले त्याच्या तारखा आणि कोणता सेटपॉइंट का बदलला याची नोंदवही हातात मिळाली पाहिजे.